मोडलेली फळी पुन्हा लाटेवर
सर्फबोर्डच्या घरगुती दुरुस्तीचे शास्त्र

चेन्नई शहरातून पूर्व किनाऱ्याच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले म्हणजे सुमारे ४० किलोमीटरवर कोवलम नावाचे कोळ्यांचे गाव लागते. केरळातील याच नावाचे प्रसिद्ध गाव निराळे. इंग्रजी अमदानीत या गावाला कोव्हलाँग म्हणत असत. येथील कोळी पिढ्यान्‌पिढ्या लाटा फोडून समुद्रात जात आणि परतताना त्याच लाटांच्या पाठीवर स्वार होऊन किनारा गाठीत. ज्या वाहनावर ते हा प्रवास करीत त्याचे नाव कट्टुमरम्. तामिळ भाषेत कट्टु म्हणजे बांधणे आणि मरम् म्हणजे लाकूड. हलक्या लाकडाचे काही ओंडके दोरीने एकमेकांस आवळून बांधले, की कट्टुमरम् तयार होई. युरोपीय भाषांतील ‘कॅटॅमरान’ हा शब्द त्यावरूनच निघाला.

याच किनाऱ्यावर अलीकडे एक नवे वाहन दिसू लागले आहे. लाटेवर उभे राहून सरकत जाण्यासाठी वापरावयाची ही फळी म्हणजे सर्फबोर्ड. २०१२ साली कोवलमचे एक कोळी मूर्ती मेगवान यांनी उद्योजक अरुण वासू यांच्या साहाय्याने येथे सर्फिंगची शाळा सुरू केली आणि कोळ्यांची मुले या फळीवर उभी राहण्यास शिकू लागली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये येथून जवळच असलेल्या महाबलीपुरम् येथे आशियाई सर्फिंग स्पर्धा झाल्या व त्यांत रमेश बुदिहाळ या भारतीय खेळाडूने कांस्यपदक मिळविले. समुद्राशी ज्यांचे जन्माचे नाते आहे अशा मुलांना या खेळात पुढे येण्यास वाव आहे, हे यावरून स्पष्ट होते.

परंतु एक अडचण उरतेच. कट्टुमरम्‌चा एखादा ओंडका कुजला किंवा फुटला, तर दोरी सोडून दुसरा ओंडका बसविता येई. सर्फबोर्डची गोष्ट तशी नाही. ही फळी वजनाला हलकी आणि किमतीला भारी. एखाद्या मोठ्या लाटेने तिला वाळूवर आपटले म्हणजे क्षणार्धात तिचे दोन तुकडे होतात. नवी फळी घ्यावयाची तर अनेक हजार रुपये हवेत. ज्या घरात जाळे आणि इंजिन यांचाच खर्च जेमतेम भागतो, तेथे मोडलेली फळी दुरुस्त झाली नाही तर मुलाचा खेळ तेथेच थांबतो. म्हणून ही दुरुस्ती घरच्या घरी कशी करावी आणि ती टिकण्यामागे कोणते शास्त्र आहे, याचा विचार या पुस्तिकेत केला आहे.

फळीची घडण

हवाई बेटांतील लोक लाकडाच्या अखंड फळ्यांवर उभे राहून लाटांवर खेळत. कॅप्टन कुक यांच्या मोहिमेतील अधिकाऱ्यांनी १७७९ साली या खेळाचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्या फळ्या अतिशय जड असत. पुढे बाल्सा नावाचे हलके लाकूड वापरात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४० ते १९५० या दशकात, काचेचे तंतू आणि कृत्रिम राळ यांचा उपयोग होऊ लागला. १९५८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात हॉबी आल्टर व गॉर्डन क्लार्क यांनी लाकडाऐवजी पॉलियुरेथेनचा फोम वापरण्यास आरंभ केला. आजची फळी त्याच परंपरेतील आहे.

अशी फळी आडवी कापून पाहिली तर तिचे तीन भाग दिसतात. आत फोमचा गाभा असतो. हा फोम इतका हलका असतो, की एक घनमीटर पाण्याचे वजन १००० किलोग्रॅम भरते, तर तेवढ्याच फोमचे वजन ५० किलोग्रॅमच्या आतच राहते. गाभ्याच्या मधोमध, टोकापासून शेपटापर्यंत, लाकडाची एक पातळ पट्टी उभी बसविलेली असते. तिला आपण फळीचा कणा म्हणू. आणि या सर्वांवर काचेच्या कापडाचे व कृत्रिम राळेचे पातळ कवच असते. कारागीर या राळेला रेझिन म्हणतात. यापुढे आपणही तोच शब्द वापरू. कवचाची जाडी एक मिलिमीटरही नसते. तरीदेखील फळीचे बहुतेक बळ या कवचातच असते.

काच आणि बळ

काच ठिसूळ असते असा आपला नित्याचा अनुभव आहे. मग काचेचे कापड फळीला बळकटी कशी देते? या प्रश्नाचे उत्तर ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून मिळाले. १९२० च्या सुमारास त्याने काचेचे निरनिराळ्या जाडीचे तंतू ओढून ते तुटेपर्यंत ताणून पाहिले. सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या तंतूच्या मानाने मिलिमीटरच्या काही सहस्रांश जाडीचा तंतू, तेवढ्याच छेदाचा हिशेब धरला असता, जवळजवळ वीस पट बळकट ठरला.

काच तुटते ती तिच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म चिरांमुळे. ताण बसला की तो चिरेच्या टोकाशी एकवटतो आणि चीर पुढे धावते. तंतू जितका बारीक तितकी मोठी चीर त्यात असण्याची शक्यता कमी, म्हणूनच तो अधिक बळकट. शिवाय हजारो तंतूंपैकी एखादा तुटला तरी चीर तेथेच थांबते. तिला शेजारच्या तंतूत सहज शिरता येत नाही. रेझिनचे काम या तंतूंना एकत्र धरून ठेवणे आणि एका तंतूवरचा भार दुसऱ्यावर पोचविणे हे होय. एकटे रेझिन ठिसूळ असते, तर एकटे कापड लुळे पडते.

फळी का मोडते?

समजा, ६० किलोग्रॅम वजनाचा एक मुलगा फळीच्या मध्यावर उभा आहे, आणि फळी एकमेकींपासून दीड मीटर अंतरावर असलेल्या दोन आधारांवर टेकलेली आहे. प्रत्येक आधारावर ३० किलोग्रॅम भार येईल. आधारापासून मध्याचे अंतर पाऊण मीटर. या दोहोंचा गुणाकार २२.५; फळीला मध्यावर वाकविणारे बल या मापाचे असते. त्याला विरोध करावयाचा तो वरच्या व खालच्या कवचांनी, आणि त्यांच्यामधील अंतर अवघे ६ सेंटिमीटर, म्हणजे ०.०६ मीटर. २२.५ ला ०.०६ ने भागले असता ३७५ येतात. याचा अर्थ असा, की वरच्या कवचावर ३७५ किलोग्रॅमचा दाब आणि खालच्या कवचावर तेवढाच ताण येतो. मुलाच्या वजनाच्या सहापटीहून अधिक बळ त्या पातळ कवचाला पेलावे लागते. लाटेच्या आघातात तर ते याहूनही पुष्कळ वाढते.

फोमचे कार्य ही दोन कवचे एकमेकांपासून दूर राखणे आणि त्यांना परस्परांवरून सरकू न देणे हे होय. कवचे तीच ठेवून त्यांच्यामधील अंतर दुप्पट केले, तर फळीचा ताठपणा सुमारे चौपट होतो. मात्र दाब सहन करणारे कवच पातळ असल्यामुळे ते प्रथम एखाद्या कागदासारखे दुमडते. तेथे आडवी सुरकुती दिसू लागते. त्यानंतरच्या एखाद्या आघाताने समोरचे कवच फाटते आणि फळी दुभंगते.

दुरुस्तीचे मुख्य तत्त्व यातूनच निघते. दुभंगलेल्या फळीचे दोन तुकडे नुसते चिकटविले तर फोमला फोम जुळेल, परंतु कवचातून वाहणारे बळ चिरेपाशी येऊन अडेल, आणि पहिल्याच लाटेला फळी पुन्हा तेथेच मोडेल. तेव्हा दुरुस्ती करणे म्हणजे या बळाला एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात जाण्यासाठी काचतंतूंचा नवा मार्ग करून देणे होय. पुढील सर्व कृतीचा हेतू हाच आहे.

प्रथम फळी वाळवा

कोळी कट्टुमरम् किनाऱ्यावर ओढून आणले म्हणजे त्याचे ओंडके सोडून वाळत घालीत. कारण भिजलेले लाकूड जड होते. फळीच्या बाबतीत ही काळजी अधिकच घ्यावी लागते. ओल्या फोमला रेझिन नीट धरत नाही. शिवाय आत कोंडलेले पाणी नव्या कवचाला आतून सैल करते.

मोडलेले तुकडे प्रथम गोड्या पाण्याने धुवावेत, म्हणजे मीठ निघून जाईल. मीठ हवेतील ओल ओढून घेते व फोम वाळू देत नाही. नंतर तुकडे सावलीत, वाऱ्यावर, मोडलेली बाजू खाली करून उभे ठेवावेत. कडक उन्हात किंवा बंद मोटारीत ते ठेवू नयेत. आतील हवा तापून प्रसरण पावते आणि कवच फोमपासून सुटते.

फोम वाळला हे ओळखावे कसे? हाताला कोरडा लागला म्हणजे वाळला असे नव्हे. याकरिता प्रत्येक तुकडा रोज ठरावीक वेळी काट्यावर तोलावा आणि आकडे वहीत लिहावेत. आरंभी वजन झपाट्याने घटते, मग हळूहळू. ओळीने तीन-चार दिवस वजन तेच भरले म्हणजे फोम वाळला असे समजावे. यास एक आठवडा लागेल किंवा तीनही लागतील. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात चेन्नईस ईशान्य मोसमी पाऊस पडतो. त्या दिवसांत याहूनही अधिक धीर धरावा लागतो.

योग्य रेझिनची निवड

फोम दोन जातींचा असतो. एक पॉलियुरेथेनचा, त्याचा पोत बारीक व एकसारखा दिसतो. दुसरा विस्तारित पॉलिस्टायरिनचा, म्हणजे ज्याला आपण थर्मोकोल म्हणतो तो. त्यात लहान लहान मणी स्पष्ट दिसतात. फोमच्या सुट्या कपच्यावर अॅसिटोनचा एक थेंब टाकून पाहावा. थर्मोकोल असेल तर तो तत्काळ विरघळून बसेल.

रेझिनेही मुख्यत्वे दोन. होड्यांच्या कामात सर्रास वापरले जाते ते पॉलिएस्टर रेझिन. ते स्टायरिन नावाच्या द्रवात मिसळलेले असते. त्यात पेरॉक्साइडचा थोडा अंश घातला, की स्टायरिनचे रेणू पॉलिएस्टरच्या लांब साखळ्यांना आडवे सांधतात आणि द्रवाचा घन पदार्थ बनतो. तो पुन्हा वितळत नाही. दुसरे इपॉक्सी रेझिन. त्यातील दोन घटक ठरलेल्या प्रमाणात एकमेकांशी संयोग पावतात. तेथे घट्ट करणारा घटक अधिक घातल्याने काम लवकर होत नाही. उलट जास्तीचा भाग तसाच उरतो आणि जोड मऊ राहतो. म्हणून डब्यावर दिलेले प्रमाण काटेकोरपणे पाळावे.

थर्मोकोलच्या फळीवर पॉलिएस्टर रेझिन कदापि वापरू नये. त्यातील स्टायरिन फोमला विरघळवून टाकते, आणि दुरुस्तीच्या जागी खड्डा पडतो. इपॉक्सी मात्र दोन्ही फोमना चालते. फळी कोणत्या जातीची आहे याविषयी संशय असल्यास इपॉक्सीच घ्यावे.

जोडणी

फळीच्या वरच्या बाजूस पाय घसरू नये म्हणून मेण लावलेले असते. ते संपूर्ण खरवडून काढावे व टर्पेंटाइनच्या कापडाने पुसून घ्यावे; मेणावर रेझिन धरत नाही. उघड्या फोमला मात्र हा द्रव लागू देऊ नये.

यानंतर कवच कोठे सुटले आहे ते शोधावे. मडके विकत घेताना आपण ते वाजवून पाहतो. तसेच नाण्याने कवच ठोकत जावे. जेथे कवच फोमला घट्ट धरून आहे तेथे आवाज खणखणीत येतो. जेथे ते सुटले आहे तेथे बद्द येतो. बद्द वाजणारा सर्व भाग धारदार सुरीने कापून काढावा. तो वाचविण्याचा मोह धरू नये, कारण सुटलेल्या कवचावर चढविलेले नवे कापड त्याच्यासह सुटून येते.

मग चिरेच्या दोन्ही बाजूंस सुमारे १५ सेंटिमीटरपर्यंत कवच ८० नंबरच्या काचकागदाने घासावे. सर्व चकाकी गेली पाहिजे, आणि कवच चिरेकडे हळूहळू पातळ होत गेले पाहिजे.

आता दोन्ही तुकडे रेझिन न लावता एकमेकांस जुळवून पाहावेत. फोमचे जे कंगोरे आड येतील तेवढेच काढावेत. कणा तुटलेला असतो. त्याच्या दोन्ही अंगांस फोममध्ये खाचा करून सुमारे ३० सेंटिमीटर लांबीच्या लाकडी पट्ट्या, अर्ध्या एका तुकड्यात व अर्ध्या दुसऱ्यात, अशा बसवाव्यात. लाकडाचे रेषे पट्टीच्या लांबीच्या दिशेने असावेत. हाड मोडले असता बांधलेल्या कामट्यांप्रमाणे या पट्ट्या कण्याला आधार देतात.

फळी टोकाकडून शेपटाकडे किंचित कमानदार असते. ही कमान बिघडली तर फळी पाण्यात नाक खुपसते. म्हणून जोडण्यापूर्वी तशाच एखाद्या धड फळीच्या वरच्या बाजूस टोकापासून शेपटापर्यंत दोरी ताणून दर ३० सेंटिमीटरवर दोरी व फळी यांतील अंतर मोजून ठेवावे. मग इपॉक्सीमध्ये पोकळ काचगोळ्यांची बारीक पूड कालवून दाट लगदा करावा, तो दोन्ही तोंडांना व खाचांना भरावा, तुकडे जुळवावेत, आणि दोन्ही कडांना सरळ लाकडी फळ्या लावून दोरीने आवळून बांधावेत. दोरी ताणून अंतरे पुन्हा मोजावीत. चूक सुधारण्याची हीच वेळ होय. एकदा लगदा घट्ट झाला म्हणजे इलाज नाही. दुसऱ्या दिवशी उरलेले खळगे त्याच लगद्याने भरून, वाळल्यावर घासून सपाट करावेत.

काचकापड चढविणे

दर चौरस मीटरला सुमारे २०० ग्रॅम वजनाचे विणलेले काचकापड घ्यावे. चिरेवर ते तीन थरांनी चढवावयाचे आहे. पहिली पट्टी १२, दुसरी १८ व तिसरी २४ सेंटिमीटर रुंद असावी, आणि प्रत्येकीची मध्यरेषा चिरेवर यावी. लांबी एवढी ठेवावी, की पट्टी फळीच्या कडेवरून वळून पलीकडच्या बाजूवर सुमारे ५ सेंटिमीटर यावी.

पट्ट्या अशा पायरीपायरीने का वाढवावयाच्या? तिन्ही पट्ट्या एकाच जागी संपल्या तर तेथे जाड, ताठ कवच एकदम संपून पातळ, लवचीक कवच सुरू होईल. वाकताना सर्व ताण त्या रेषेवर एकवटेल, आणि फळी जुन्या जोडाऐवजी त्या रेषेवर मोडेल. कडा पायऱ्यापायऱ्यांनी पातळ होत गेल्या म्हणजे बळ जुन्या कवचात सावकाश उतरते.

फळी ६० सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्यांनी झाकली जात असेल, तर एका बाजूच्या तीन पट्ट्यांचे वजन सुमारे ६५ ग्रॅम भरेल. रेझिन साधारण तेवढेच लागते. अधिक रेझिनाने जोड बळकट होत नाही. तो केवळ जड व ठिसूळ होतो. कापडावर रेझिन ओतून रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या सपाट तुकड्याने ते मध्यापासून कडांकडे निपटत न्यावे. काच व रेझिन यांचा प्रकाशाचा वक्रीभवनांक जवळजवळ सारखा असल्यामुळे कापड पूर्ण भिजले की ते दिसेनासे होते. जेथे पांढरे ठिपके दिसतील तेथे हवा अडकली आहे असे जाणावे.

एक बाजू घट्ट झाल्यावर फळी उलटून दुसरी बाजू तशीच करावी. पॉलिएस्टर रेझिन वापरले असेल तर त्याचा पृष्ठभाग चिकट राहतो. हवेतील ऑक्सिजन वरच्या थरातील क्रिया रोखतो. म्हणून शेवटच्या लेपासाठी ज्यात थोडे मेण मिसळलेले असते असे रेझिन घेतात. मेण वर तरंगून हवेला अटकाव करते, आणि लेप कोरडा होतो. शेवटी १२० नंबरच्या व त्यापुढे अधिकाधिक बारीक काचकागदांनी, अखेरीस पाण्याबरोबर, घासून फळी गुळगुळीत करावी. घासताना कापडाचे तंतू उघडे पडू देऊ नयेत. त्यानंतर एक आठवडा फळी पाण्यात नेऊ नये.

चेन्नईची हवा

थंड देशांत लिहिलेल्या सूचना चेन्नईत जशाच्या तशा उपयोगी पडत नाहीत. रासायनिक क्रियेचा वेग उष्णतेबरोबर वाढतो. तेथे जे रेझिन अर्धा तास पातळ राहते ते येथे मे महिन्यात काही मिनिटांतच भांड्यात गोठू लागते. म्हणून एका वेळी थोडेच रेझिन कालवावे. पॉलिएस्टरच्या १०० ग्रॅमला पेरॉक्साइड १ ग्रॅमच्या आसपास पुरते. तथापि डब्यावर दिलेल्या किमान प्रमाणाखाली जाऊ नये, नाही तर क्रिया अर्धवट राहते.

कापड चढविण्यास दुपार कलल्यानंतरची वेळ बरी. सकाळी हवा तापत असते. फोममधील हवा प्रसरण पावून ओल्या रेझिनातून बुडबुडे काढते. दुपारनंतर फोम निवू लागतो, आतील हवा आकुंचन पावते आणि रेझिन किंचित आत ओढले जाते. मात्र अंधार पडण्यापूर्वी काम संपवावे, कारण रात्री हवेत ओल वाढते. ओलसर हवेत इपॉक्सीवर कधी कधी तेलकट साय धरते. ती साबणाच्या पाण्याने धुतल्याखेरीज पुढचा थर चढवू नये.

धोके आणि दक्षता

हे पदार्थ घरगुती वाटले तरी निरुपद्रवी नाहीत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरिनची गणना मानवात कर्करोग होण्याचा संभव असलेल्या पदार्थांत केली आहे. तेव्हा हे काम स्वयंपाकघरात किंवा मुले निजतात त्या खोलीत कधीही करू नये. ते उघड्या पडवीत, विस्तवापासून दूर करावे. तोंडाला साधा रुमाल बांधल्याने वाफ अडत नाही. त्यासाठी कोळशाची गाळणी असलेला मुखवटा हवा. इपॉक्सी वारंवार हाताला लागल्यास कायमची पुरळ येण्याची खोड जडते; म्हणून हातमोजे घालावेत.

पेरॉक्साइड सर्वांत घातक. त्याचा एक थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. ते ओतताना चष्मा घालावाच. आणि दुर्दैवाने थेंब उडालाच तर डोळा निदान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने सतत धुवावा व तत्काळ रुग्णालयात जावे. पॉलिएस्टरची क्रिया जलद करणारे कोबाल्टचे द्रावण आणि पेरॉक्साइड ही दोन्ही एकमेकांत सरळ मिसळू नयेत. त्यांचा भडका उडतो. ज्या रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेले असते तेच विकत घ्यावे. उरलेले रेझिन भांड्यात साठवून ठेवले तर स्वतःच्या उष्णतेने धुमसू लागते. ते पत्र्यावर पातळ पसरून घट्ट होऊ द्यावे. घासताना उडणारी काचेची व फोमची धूळ ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. ती समुद्रावर वाऱ्यात सोडू नये. जो समुद्र खेळावयास व पोट भरावयास देतो त्यातच ती जाते. विद्यार्थ्यांनी हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे.

दुरुस्ती केव्हा करू नये

प्रत्येक फळी वाचविता येते असे नाही. फोम पिवळा पडून भुसभुशीत झाला असेल, अर्ध्याहून अधिक कवच बद्द वाजत असेल, किंवा फळी तीन ठिकाणी मोडली असेल, तर श्रम व रेझिन वाया जातात. नीट दुरुस्त झालेली फळीसुद्धा पूर्वीपेक्षा थोडी जड आणि जोडापाशी थोडी ताठ असते. तिच्यावर प्रथम लहान लाटांत जावे. प्रत्येक खेपेनंतर जोड नाण्याने वाजवून पाहावा. आवाज बदलला की फळी पाण्यात नेणे थांबवावे. खोल पाण्यात फळी दोन झाली तर तिच्या भरवशावर असलेला मुलगा एकटा पडतो.

हे कौशल्य चेन्नईच्या किनाऱ्याला परके नाही. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर या किनाऱ्यावर काचतंतूंच्या होड्या मोठ्या प्रमाणावर आल्या. त्यांची भोके बुजविणारे, काचकापड आणि रेझिन हाताळणारे कारागीर आज कोळीवाड्यांतूनच आढळतात. होडी आणि सर्फबोर्ड यांचे शास्त्र एकच आहे. फरक एवढाच, की होडीच्या जाड कवचात जी चूक खपून जाते ती फळीच्या पातळ कवचात खपत नाही. ज्या मुलाने आपली मोडलेली फळी स्वतः तोलली, वाळविली, सांधली आणि घासली, त्याला बळ कोठून कोठे वाहते हे पुस्तकाबाहेर कळले. त्याला पुढे होडी दुरुस्त करता येईल, आणि ती करताना हाती काय घेतो आहोत व त्याचा धोका काय, हेही ठाऊक असेल. ओंडके सोडावेत, वाळवावेत आणि पुन्हा आवळून बांधावेत, हे त्याच्या आजोबांचे शहाणपण होते. पदार्थ बदलला, तरी ते शहाणपण अजून उपयोगाचे आहे.